फिनिनचा खिळा

मित्रांनो, मी तोफ आहे. लोखंडाची, जुनी आणि रागावलेली. म्हातारी माणसे रागावली की घरचे लोक त्यांना औषध देतात. मला त्यांनी काळा रंग दिला आहे. तो दरवर्षी नव्याने देतात आणि वाळेपर्यंत माझ्याभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी टांगतात. कोणी हात लावला असता तर बरे झाले असते. मी आतून किती तापले आहे ते निदान एकाला तरी कळले असते.

माझा जन्म समुद्रापलीकडे, इंग्लंडातल्या एका ओतशाळेत झाला. जंगलातल्या ओढ्याकाठी मोठी भट्टी होती. जमिनीत खड्डा खणून त्यात मातीचा साचा उभा केला होता. भट्टीचे तोंड फोडले तशी मी लालभडक वाहत जाऊन त्या साच्यात शिरले. निवायला मला बरेच दिवस लागले. मग माती फोडून मला बाहेर काढले, पोट सरळ कोरले आणि पाठीच्या टोकाशी वरून एक बारीक भोक पाडले. त्याला तोफेचा कान म्हणतात. दारूला बत्ती द्यायची ती त्या कानातून. माझ्या अंगावर राजाचा मुकुट उमटवला. दुप्पट दारू ठासून माझी परीक्षा घेतली. मी फुटले नाही. "चांगली निपजली," असे लोक म्हणाले आणि मला फार बरे वाटले. लहान वयात शाबासकी मिळाली की ती देणारा कोण आहे हे कोणी बघत नाही.

जहाजाच्या तळाशी लोळत लोळत मी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डूनमारा बंदरात आले. बंदर मोठे होते, पण त्याचे तोंड अरुंद. त्या तोंडावरच इंग्लंडच्या राजाचा किल्ला उभा होता; तेव्हा आयर्लंडवर त्याचेच राज्य होते. किल्ल्याच्या पायथ्याशी, पाण्याला अगदी लागून एक बुरूज होता, तिथे मला लाकडी गाड्यावर बसवले. भरतीच्या वेळी गाड्याची चाके भिजत. माझ्यासमोरून गेल्याशिवाय एकही नाव बंदराबाहेर पडू शकत नसे.

मला सांगितले होते की मी शत्रूसाठी आहे. त्या वेळी शत्रू म्हणजे फ्रान्स. फ्रान्सची जहाजे येतील, तू त्यांना बुडवशील, गाव तुझे उपकार मानेल. मी वाट पाहिली. वर्षांमागून वर्षे गेली, पण फ्रान्स काही आला नाही. राजाच्या वाढदिवसाला मी रिकामा बार काढायचे, वरच्या तटावरून अधिकाऱ्यांच्या बायका टाळ्या वाजवायच्या, आणि मी परत गप्प. मात्र एक गोष्ट मला हळूहळू उमगली. माझे तोंड समुद्राकडे होते खरे, पण गाडा असा बसवला होता की चार माणसांनी जोर लावला तर ते सहज गावाकडे वळत असे. हे कोणी मला सांगितले नव्हते. गावाला मात्र ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

माझा गोलंदाज, म्हणजे मला ठासून बत्ती देणारा शिपाई, होता फिनिन रीगन. तो डूनमाराचाच पोरगा. बापाची नाव वादळात गेली, पुढे लागोपाठ दोन हंगाम बांगडा फिरकला नाही, आणि किल्ल्यात रोज जेवायला मिळत होते. म्हणून त्याने राजाचा निळा डगला अंगात चढवला. उंच, थोडा वाकून चालणारा, कमी बोलणारा माणूस. पण माझ्याशी बोलायचा. किल्ल्याच्या कागदांत मला नुसता आकडा होता. फिनिन मला 'बाई' म्हणायचा. "चल बाई, तोंड उघड," असे म्हणत तो माझ्या तोंडातली लाकडी बूच काढायचा. खारे वारे लोखंड खातात, म्हणून रोज चरबीच्या फडक्याने मला पुसायचा. माझ्या कानावर शिशाचे झाकण असे. ते तो रात्रीच्या दवाआधी स्वतः बसवायचा. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

त्याची सासू गोबनेट कोकली मासे विकायची. तिची पाटी रोज किल्ल्याच्या दारात यायची आणि मग सरळ माझ्या बुरजावर. डूनमाराच्या सगळ्या बायकांसारखा तिच्या अंगावर काळा, डोक्यावर टोप ओढता येईल असा पायघोळ झगा असे. आवाज मात्र तिचा तिचाच.

"काय जावईबापू, आज राजाने काय घातलं जेवायला?"

"तेच, सासूबाई. पाव आणि खारं मांस."

"हाडं चावताना एकदा नीट बघत जा. कोणाच्या घरातली आहेत ते." आणि पाटी खाली ठेवत, "मला एक सांग. तू नक्की जावई कोणाचा? राजाचा की माझा?"

फिनिन हसायचा आणि एक बांगडा उचलायचा. तिच्या टोमण्यांनी तो चिडत नसे. चिडायची ती मी. तेव्हा मला वाटायचे, ही बाई राजाचा अपमान करते आहे. किती मूर्ख होते मी!

मग ते वर्ष आले. फ्रान्सशी लढाई पेटली होती आणि राजाच्या आरमाराला खलाशी कमी पडत होते. एक युद्धनौका बंदरात येऊन नांगर टाकून बसली. पहिले दोन दिवस तिचे खलाशी गावात येऊन ताक आणि अंडी विकत घेत होते. तिसरा दिवस रविवारचा. गावातले लोक प्रार्थनेसाठी गवताने शाकारलेल्या छोट्या चर्चमध्ये जमले होते. प्रार्थना संपवून बाहेर आले तर दाराबाहेर सोटे आणि तलवारी घेतलेली टोळी उभी. ज्याच्या हाताला दोरखंडाचे घट्टे होते त्या प्रत्येकाला त्यांनी धरले. बायकांनी ओढाओढ केली, एका म्हाताऱ्याचे डोके फुटले. धरलेल्यांमध्ये गोबनेटचा एकुलता मुलगा कॉरमॅकही होता. तो स्वतःच्या नावेचा तांडेल होता. त्याच्या पायात तो रविवारचा एकच चांगला बुटाचा जोड होता. नौकेवर चढवताना त्यांनी तोही काढून घेतला.

याला ते भरती म्हणायचे. मित्रांनो, मला तुम्ही सांगा, रस्त्यातून माणूस उचलून नेणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणतात?

गोबनेट दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर आली ती पाटीशिवाय. किल्ल्याचा अधिकारी मेजर व्हिटकोम माझ्या बुरजावर दुर्बीण लावून उभा होता. ती थेट त्याच्यापुढे गेली.

"साहेब, माझा मुलगा तिकडे आहे. तो खुनी नाही, चोर नाही. त्याला कशासाठी धरलंय?"

"राजाला खलाशी हवे आहेत, बाई."

"हवे होते तर राजाने आधी त्यांना जन्म द्यायचा होता."

मेजरने दुर्बीण खाली केली नाही. तो शिपायाला म्हणाला, "हिला बाहेर काढा." तो शिपाई म्हणजे फिनिन. फिनिनने सासूच्या दंडाला धरले आणि तिला दारापर्यंत नेले. जाताना ती एक शब्दही बोलली नाही, आणि हे तिच्या रोजच्या टोमण्यांपेक्षा वाईट होते. त्या दिवशी फिनिनने मला पुसले नाही. माझ्या चाकाला टेकून तो नुसता बसून राहिला.

पुढच्या काही दिवसांत बायकांनी एक परवानगी मिळवली. नौका निघेपर्यंत आपल्या माणसांना उकडलेले बटाटे आणि ताक नेऊन द्यायची. रोज सकाळी एक नाव काळ्या झग्यांनी भरून नौकेकडे जायची आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायची. पहारेकऱ्यांना तिची सवय झाली. नौकेची शिडे दुरुस्तीसाठी खाली उतरवली होती, म्हणून पहाराही ढिला होता.

एका संध्याकाळी, उन्हे अजून होती तेव्हा, गोबनेट पुन्हा पाटी घेऊन बुरजावर आली. फिनिन माझ्या कानावरचे झाकण घासत होता.

"उद्या ओहोटीला आम्ही कॉरमॅकच्या नावेतून जाणार आहोत. बटाटे द्यायला," ती म्हणाली.

"जा की."

"येताना ओझं जास्त असेल."

फिनिनचा हात थांबला. "आई, मला काही सांगू नका."

"सांगतेय कुठे? ओझ्याचं बोलतेय." तिने माझ्याकडे हनुवटी केली. "ही तुझी बाई कशी आहे? तिला खोकला-बिकला?"

"ती कायम भरलेली असते. हुकूम आला की ओरडते. तिच्या हातात काही नसतं."

"आणि तुझ्या?"

तो पुन्हा झाकण घासू लागला. गोबनेटने त्या दिवशी चांगल्यातला चांगला बांगडा निवडून माझ्या गाड्यावर ठेवला आणि निघून गेली. फिनिनने तो खाल्ला नाही. तो कावळ्यांनी नेला.

सकाळी वारा उत्तरेचा होता, म्हणजे बंदरातून बाहेर ढकलणारा. ओहोटी लागली होती. मला सगळे दिसत होते, कारण माझ्यापुढे दुसरे काही नव्हतेच. कॉरमॅकची नाव युद्धनौकेला टेकली. टोपल्या वर गेल्या. मग एकदम आरडाओरडा झाला आणि नौकेच्या कठड्यावरून माणसे खाली उड्या मारू लागली. काही नावेत, काही पाण्यात. पाण्यातल्यांना बायकांनी केसांना धरून वर ओढले. शीड चढले. वाऱ्याने ते पोटात घेतले आणि नाव सुटली.

नौकेवर धावपळ झाली. तिला स्वतःला पाठलाग करता येईना आणि तिच्या तोफांपुढे गावातली घरे आणि व्यापाऱ्यांची जहाजे आडवी येत होती. म्हणून तिने निशाण वर चढवले. किल्ल्याला इशारा होता: अडवा.

अडवायचे म्हणजे मी.

मेजर व्हिटकोम धावत खाली आला. "तोफ वळवा!" चौघांनी गाडा ढकलला. नाव सरळ माझ्याकडेच येत होती, कारण बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. ती इतकी जवळ आली की मला सुकाणूवर बसलेली गोबनेट दिसली. टोप मागे पडला होता आणि पांढरे केस उडत होते. तिच्यापुढे नावेच्या तळाशी बायका आणि पुरुष एकमेकांवर पालथे पडले होते. फिनिनची बायको नॅनो, गोबनेटची मुलगी, तिथेच होती. एका गोळ्याचे काम होते. इतक्या जवळून आंधळ्यालाही चुकता आले नसते.

"बत्ती द्या!"

फिनिनने शिशाचे झाकण उचलून बाजूला ठेवले. मग त्याने कमरेच्या पिशवीत हात घातला. प्रत्येक गोलंदाजाकडे एक पोलादी खिळा दिलेला असतो. किल्ला पडला, शत्रू आत शिरला, तर तोफ त्याच्या कामी येऊ नये म्हणून तो तिच्या कानात ठोकायचा. फिनिनने खिळा माझ्या कानावर ठेवला, हातोडा उचलला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठोकला. एक घाव, दुसरा, तिसरा. शेवटी आडवा घाव घालून त्याने वरचे डोके मोडून टाकले. आता तो खिळा चिमट्यातही येणार नव्हता.

मला दुखले. खोटे कशाला बोलू? पण त्या दुखण्याइतके बरे मला आयुष्यात कधी वाटलेले नाही.

नाव माझ्यासमोरून गेली. इतकी जवळून की तिचे पाणी माझ्या चाकांवर उडाले. आणि मग ती मोकळ्या समुद्रात होती.

मेजरचा चेहरा आधी पांढरा आणि मग जांभळा झाला. "हे काय केलंस तू?"

"हुकूम पाळला, साहेब," फिनिन म्हणाला. "तोफ शत्रूच्या हाती पडायची वेळ आली की कानात खिळा ठोकायचा. तुम्हीच शिकवलंय."

"शत्रू? कुठे आहे शत्रू?"

फिनिनने हातोडा खाली ठेवला. तो फक्त मेजरकडे बघत राहिला.

नाव लांबच्या एका छोट्या खाडीत किनाऱ्याला लागली. पुरुष डोंगरांत पांगले. बायका शेतांतून, बांधाबांधाने चालत संध्याकाळपर्यंत आपापल्या चुलीपुढे हजर झाल्या. मेजरला गावातली एकही बाई तोंडाने ओळखू येत नव्हती. त्याने फिनिनला विचारले, "नावेत कोणत्या बायका होत्या? नावं सांग, शिक्षा कमी करतो."

"काय सांगू, साहेब," फिनिन म्हणाला. "सगळ्यांचे झगे काळे. रविवारी मला माझी स्वतःची बायको ओळखता येत नाही."

त्याला किल्ल्याच्या अंगणात तिकाटण्याला बांधून फटके मारले. गावाला धडा मिळावा म्हणून दरवाजे उघडून लोकांना आत बोलावले होते. ते मी पाहिले नाही, कारण अंगण तटाच्या पलीकडे होते. मी ऐकले. माझ्या कानात खिळा होता तरी ऐकले. गोबनेट सगळ्यात पुढे उभी होती असे म्हणतात. तिने मान खाली घातली नाही आणि नॅनोलाही घालू दिली नाही. आठवड्याभराने त्याला चालता येऊ लागल्यावर जिथे शिपाई तापाने मरत त्या दूरच्या बेटांवर जाणाऱ्या जहाजावर चढवायला माझ्या बुरजावरून नेले. तेव्हा गोबनेट पायऱ्यांवर थांबली होती. तो तिच्यासमोर थांबला. शिपायांनी थांबू दिले.

"सासूबाई, आता सांगा," तो म्हणाला. "जावई कोणाचा?"

"माझा," ती म्हणाली. "माझा रे बाळा, माझा."

तो परत आला नाही. त्या बेटांवरून परत येणारे फार थोडे असत. दोन वर्षांनी एका लंगड्या शिपायाने नॅनोला सांगितले की फिनिन पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेला.

आणि गाव? मित्रांनो, माझा खरा राग इथे सुरू होतो. मेजर परका होता; त्याच्याकडून मी काय अपेक्षा करणार? पण गावातले मोठे दुकानदार म्हणू लागले की फिनिनने गावावर संकट आणले. आरमार रागावले तर आमचे खारे मांस कोण घेणार? चर्चमध्ये सांगण्यात आले की वरिष्ठांचा मान राखावा. ज्या घरांतली माणसे त्या नावेतून सुटली होती, त्या घरांनीसुद्धा दारे लावून घेतली. नॅनोला कोणी कामावर ठेवीना. गोबनेट मात्र भर बाजारात मासे विकताना ओरडायची, "घ्या बांगडा, ताजा बांगडा! तुमचे नवरे जिवंत ठेवणाऱ्याच्या सासूचा बांगडा!" लोक मान वळवून जायचे.

किल्ल्यावर कारागीर आले. माझ्या पोटातली दारू आणि गोळा उपसून काढला, पण कानातल्या खिळ्यावर त्यांची पाती मोडली. मेजरने मला लाथ मारली. मग मला खंदकात ढकलून दिले आणि माझ्या जागी नवी तोफ आली. मी किती वर्षे गवतात पडून होते मला ठाऊक नाही. लढाई संपली, कॉरमॅक डोंगरांतून परत आला, त्याने नवी नाव बांधली, लग्न केले. गावात दगडी धक्का बांधायला घेतला, तेव्हा जहाजांचे दोर बांधायला खुंटे हवे होते. मला ओढत नेले, तोंड खाली करून धक्क्यात उभे पुरले आणि पाठ वर ठेवली. म्हणजे माझा कान, तो खिळा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचा.

खुंटा होण्यात मला कमीपणा वाटला नाही. ओढणाऱ्याला धरून ठेवणे हे चांगले काम आहे. म्हाताऱ्या झालेल्या गोबनेटला चालवत नसे, तरी ती येऊन माझ्या सावलीत बसायची आणि अंगठा त्या खिळ्यावर ठेवायची. नॅनो ज्या जहाजाने अमेरिकेला गेली त्याचा दोर माझ्याच गळ्यात होता. तिने जाताना वळून आईकडे पाहिले नाही. पाहिले असते तर गेली नसती. दोर सुटला तेव्हा गोबनेट म्हणाली, "जा बाई, इथे तुझ्यासाठी काही उरलं नाही." पुढच्या हिवाळ्यात गोबनेटनेही डोळे मिटले.

त्यानंतर माझ्या गळ्यात कशाकशाचे दोर पडले! बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला त्या वर्षांत धान्य भरून बाहेर जाणारी जहाजे. उपाशी माणसे भरून बाहेर जाणारी जहाजे. राजाच्या प्रत्येक लढाईला या गावची पोरे घेऊन जाणारी जहाजे. जाताना वाजंत्री असायची. परत येताना नसायची. नंतर देश स्वतंत्र झाला, राजाचे शिपाई एके दिवशी कायमचे निघून गेले आणि त्यांचा रिकामा किल्ला जळाला. मग मासे कमी झाले, माणसे कमी झाली, आणि माझ्या अंगावर लोक सिगारेटी विझवू लागले.

आता अलीकडचे सांगते. कोकली मंडळी आता गावातली मोठी माणसे आहेत. कॉरमॅकच्या वंशातला डर्मट कोकली याचे धक्क्यावर हॉटेल आहे. तो किल्ला समितीचा अध्यक्षही आहे. त्याने किल्ल्याची डागडुजी केली, तिकीट लावले, आणि म्हणाला की एक खरी तोफ हवी. मला धक्क्यातून उपटले, घासले, रंगवले, नव्या गाड्यावर चढवले आणि परत त्या बुरजावर नेऊन बसवले. मला वाटले, चला, आता तरी कोणी विचारेल. शेजारी पाटी लागली. तिच्यावर लिहिले होते की या तोफेने शत्रूपासून डूनमाराचे रक्षण केले, आणि शत्रूच्या एका हेराने दगा करून तिच्या कानात खिळा ठोकला.

हेर! फिनिन रीगन हेर!

डर्मटची आई हॅना ऐंशीच्या पुढची आहे. ती काठी टेकत पाटी वाचायला आली. डर्मट तिथेच होता.

"ही कोणी लिहिली?" तिने विचारले.

"समितीने."

"समिती म्हणजे तूच ना? का आणखी कोणी आहे तुझ्या अंगात?"

"आई, लोक इथे सुट्टीला येतात. फटके, ताप, रडणाऱ्या बायका, हे कोणाला हवंय? हेर म्हटलं की पोरांना मजा वाटते."

"तुला खरी गोष्ट माहीत आहे."

"माहीत आहे."

"मी तर बाहेरून लग्न करून या घरात आले. तुझ्या बापाने मला या गावात पहिल्यांदा काय दाखवलं असेल तर हा खिळा. म्हणाला, हा नसता तर आम्ही कोणीच नसतो. तो खिळा ठोकला नसता तर कॉरमॅक पाण्यात गेला असता, आणि तू जन्मालाच आला नसतास. मग कोणाची मजा आणि कसली समिती?"

डर्मटने इकडेतिकडे पाहिले. "हळू बोल ना. लोक ऐकतायत."

"ऐकू देत मेल्यांना!"

पाटी बदलली नाही. उलट सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी दर रविवारी दुपारी बार काढायचे ठरले. आताच्या यंत्रांपुढे फिनिनचा खिळा टिकला नाही. एका सकाळी तो भुसा होऊन माझ्या कानातून बाहेर पडला आणि वाऱ्याने उडाला. पोटात पोलादी नळी बसवली, म्हणजे मी फुटू नये. एक माणूस भाड्याचा निळा डगला घालून येतो, हेराची गोष्ट सांगतो, लोक हसतात, तो बत्ती देतो. मी ओरडते. टाळ्या पडतात.

पहिल्या रविवारी बार झाला, धूर पसरला, टाळ्या पडायच्या आधी एक क्षण सगळे गप्प झाले. त्या क्षणात कठड्यापाशी उभ्या हॅनाने सगळा जीव एकवटून हाक मारली: "फिनिन रीगन!"

लोकांना वाटले, हाही कार्यक्रमाचाच भाग. डर्मट लाल झाला. पुढच्या रविवारी ती परत आली, आणि त्याच्या पुढच्याही. बार, धूर आणि तिची हाक. शेवटी तिकीटघरातल्या माणसाला डर्मटने सांगितले की आईला आत सोडू नका. तेव्हा ती किल्ल्याबाहेरच्या वाळूत उभी राहून हाक मारू लागली. कोळ्यांच्या दोन-तीन मुली तिच्याबरोबर ओरडू लागल्या. डर्मटने त्यांच्या आयांकडे तक्रार केली.

गेल्या महिन्यात हॅना घरात घसरून पडली. तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेले आहे. ती परत येईल असे कोणी म्हणत नाही. परवाच्या रविवारी बार झाला. धूर पसरला. मी वाट पाहिली. कोणीच बोलले नाही. मग टाळ्या पडल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला शाळेत सांगतात. मला खूप जपले आहे. माझ्यावर रंग आहे, तेल आहे, पावसासाठी छप्परही आहे. इतके मला फिनिननेसुद्धा दिले नव्हते. हे सगळे काढून न्या, मी गंजून जाईन, माझी हरकत नाही. पण ज्या माणसाने स्वतःच्या पाठीची साल देऊन मला माणसे मारू दिली नाहीत, त्याला माझ्याच शेजारी हेर म्हणून उभा करू नका. मला ओरडायला लावतात ते तुम्ही ऐकताच. ती माझी हाक नाही. माझी हाक काय आहे ते मी तुम्हाला आता सांगितले आहे. तुम्ही जिथे असाल तिथून ती मारा. मोठ्याने मारा. त्याचे नाव फिनिन रीगन होते.